जुनी इलेक्ट्रिक फोर्कलिफ्ट जागची हलत नाही? बॅटरीपासून चाकापर्यंत अशी तपासा

जुनी इलेक्ट्रिक फोर्कलिफ्ट विकत आणली, चावी फिरवली, पेडल दाबलं आणि गाडी हललीच नाही, की आजूबाजूचे दोघेतिघे लगेच सांगतात, ‘कंट्रोलर गेला.’ या सल्ल्यावर पैसे घालवू नका. बॅटरी सोडली तर कंट्रोलर, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, हा या गाडीतला सगळ्यांत महागड्या भागांपैकी एक, आणि बंद गाडीत तो सर्वांत शेवटी तपासायचा असतो. अशा गाडीला पुढे सरकण्याआधी अनेक परवानग्या लागतात: पुरेसा व्होल्टेज, सीटवर माणूस, सुटलेला हँडब्रेक, दिशा, पेडल. यातली एक जरी कंट्रोलरपर्यंत पोचली नाही तरी तो मुद्दाम गाडी हलू देत नाही. म्हणजे तो आपलं काम चोख करत असतो आणि आपण त्यालाच दोष देत असतो.

पहिल्यांदाच अशी गाडी घेतलेले लहान कारखानदार, गोदाम सांभाळणारे आणि मेंटेनन्सला नव्याने लागलेली मुलं यांच्यासाठी हे लिहितो आहे. भोसरी, चाकण, वाळूज, तळोजा, भिवंडी इथल्या मोठ्या कारखान्यांत आणि गोदामांत वापरून झालेल्या गाड्या पुढे लहान शेडमध्ये जातात. उदाहरणासाठी त्यातलीच एक धरू: दीड-दोन टनांची, बसून चालवायची, ४८ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असलेली. तुमची गाडी २४, ३६ किंवा ८० व्होल्टची असेल तर एका सेलला २ व्होल्ट या हिशोबाने आकडे बदला. तपासण्याचा क्रम तोच राहतो.

सामान फार लागत नाही. चांगला डिजिटल मल्टिमीटर, हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी), टॉर्च, दांड्याला इन्सुलेशन असलेले पाने, गॉगल, रबरी हातमोजे, आणि मोजलेला प्रत्येक आकडा लिहून ठेवायला वही. वही सोडून बाकी सगळं उसनं आणलं तरी चालेल.

हात लावण्याआधी

४८ व्होल्टचा झटका सहसा जोरात बसत नाही, म्हणून लोक बेफिकीर होतात. धोका वेगळा आहे. या बॅटरीच्या दोन टर्मिनलवर पाना आडवा पडला तर हजारो अँपिअर करंट वाहतो, पाना लाल होतो आणि वितळलेलं शिसं उडतं. अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी काढून ठेवा. चार्जिंग चालू असताना आणि त्यानंतर काही वेळ सेलमधून हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी ठिणगीने पेटतो. त्यामुळे बॅटरीचं झाकण उघडं ठेवा, जागा हवेशीर हवी, आणि विडी-सिगारेट तिथे कोणालाही ओढू देऊ नका. ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवायचं, म्हणून पाण्याची बादली जवळ भरून ठेवा. जमिनीवर सांडलं तर खाण्याचा सोडा टाका.

फोर्क पूर्ण खाली, चावी बंद, चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. मोटरची किंवा वायरिंगची चाचणी घेताना गाडी अचानक चालू होऊ शकते, म्हणून ड्राइव्हचं चाक जमिनीपासून थोडं उचलून घ्या. नुसत्या जॅकवर गाडी उभी ठेवू नका. चॅसीखाली भक्कम लाकडी ठोकळे द्या आणि मगच हात आत घाला. गाडीच्या आकारावर जाऊ नका. दीड टन उचलणाऱ्या गाडीचं स्वतःचं वजन त्याहून बरंच जास्त असतं.

आणखी एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. बॅटरीचा कनेक्टर काढला तरी कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहतो. कंट्रोलरच्या बी-प्लस आणि बी-मायनस या मोठ्या टर्मिनलवर मीटर लावून पाहा. व्होल्टेज दिसत असेल तर ट्रकचे २४ व्होल्टचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडून तो उतरवा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून उतरवू नका.

आधी पाहा, ऐका, लिहा

पाना हातात घेण्याआधी पाच मिनिटं गाडीशी बोला, म्हणजे एकेक गोष्ट करून ती काय उत्तर देते ते पाहा. चावी फिरवल्यावर डिस्प्ले लागतो का? बोनेटखालून ‘टक्’ असा कॉन्टॅक्टरचा, म्हणजे मुख्य वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचचा, आवाज येतो का? लिव्हर ओढल्यावर पंप फिरतो, फोर्क वर जातात का? स्टिअरिंग हलकं होतं का? गाडी अजिबात हलत नाही, की हातभर जाऊन थांबते?

या उत्तरांवरून अर्धं काम होतं. काहीच लागत नसेल तर दोष बॅटरी, कनेक्टर, इमर्जन्सी बटण, फ्यूज किंवा चावी यांत आहे. डिस्प्ले लागतो पण ‘टक्’ येत नाही, तर कॉन्टॅक्टर आणि त्याच्या आधीच्या गोष्टी पाहायच्या. ‘टक्’ येतो, फोर्क उचलले जातात, पण गाडी चालत नाही, तर बॅटरी आणि मुख्य वीजमार्ग साधारण ठीक आहे आणि दोष बहुतेक सीट, ब्रेक, दिशा, पेडल किंवा ड्राइव्ह मोटरच्या बाजूला आहे. याच्या उलट, गाडी चालते पण फोर्क उचलत नाहीत, असं झालं तर आधी बॅटरीचा काटा पाहा. बऱ्याच गाड्यांत बॅटरी साधारण २० टक्क्यांवर आली की लिफ्ट आपोआप बंद होते, म्हणजे उरलेल्या चार्जवर गाडी चार्जरपर्यंत पोचावी.

हॉर्न वाजत नाही म्हणून बॅटरी मेली असं धरू नका. अनेक गाड्यांत हॉर्न आणि दिवे वेगळ्या डीसी-डीसी कन्व्हर्टरवरून १२ किंवा २४ व्होल्टवर चालतात. तो कन्व्हर्टर गेलेला असू शकतो आणि गाडी तरीही धडधाकट असू शकते.

बॅटरी: इथे घाई करू नका

जुनी गाडी विकणाऱ्याच्या यार्डात महिनोन्‌महिने उभी असते. तेवढा वेळ चार्जिंगशिवाय पडलेल्या लेड-ॲसिड बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट कडक बसतं. अशी बॅटरी चार्जरवर लावली की व्होल्टेज भराभर चढतो, चार्जर ‘फुल’ दाखवतो, आणि पेडल दाबताच सगळं कोसळतं. म्हणून नुसता उभ्या गाडीचा व्होल्टेज पाहून समाधान मानू नका.

४८ व्होल्टच्या बॅटरीत २४ सेल असतात. पूर्ण चार्ज करून काही तास विसावलेली बॅटरी साधारण ५१ व्होल्ट दाखवते, म्हणजे सेलला २.१२ ते २.१३. चार्जरवरून नुकतीच काढली असेल तर आकडा यापेक्षा जास्त दिसेल. तो खरा नाही, थांबून पुन्हा मोजा. विसावलेल्या अवस्थेत ४८ च्या खाली असेल तर बॅटरी उतरलेली आहे, आधी चार्ज करा, पुढचं नंतर.

आता भाराखालची चाचणी. एकाने फोर्क उचलायचे आणि मास्ट (फोर्क ज्यावर वर-खाली सरकतात तो उभा सांगाडा) पूर्ण मागे टिल्ट करून क्षणभर तसंच धरायचं, म्हणजे पंपावर जोर येतो. दुसऱ्याने त्या वेळी बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर धरायचा. दोन-तीन व्होल्ट उतरणं स्वाभाविक आहे. ४२ च्या खाली, म्हणजे सेलला १.७५ च्याही खाली गेला, तर कंट्रोलर ‘अंडरव्होल्टेज’ म्हणून हात आखडता घेणार किंवा बंदच होणार. गाडी हातभर जाते आणि थांबते, चावी बंद-चालू केली की पुन्हा हातभर जाते, यामागचं नेहमीचं कारण हेच.

असं झालं तर प्रत्येक सेल वेगळा मोजा, तोही भाराखाली. बाकीचे १.९ च्या वर आणि एखादाच १.२ वर, किंवा थेट उलट्या दिशेला गेलेला सापडला, तर तोच गुन्हेगार. एक मेलेला सेल अख्ख्या गाडीला थांबवतो. सगळी बॅटरी बदलण्याआधी हे नक्की करून घ्या, कारण बॅटरीवाले एकेक सेलही बदलून देतात. मात्र बाकीचे सेलही थकलेले असतील तर एक नवा घालून फारसा उपयोग होत नाही.

हायड्रोमीटरने हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने कळते. पूर्ण चार्ज झालेल्या सेलमध्ये ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, १.२८० च्या आसपास असते, आणि १.१५० च्या जवळ आली की सेल जवळजवळ रिकामा. एकाच बॅटरीतल्या सेलांमध्ये ०.०३० किंवा जास्त फरक दिसला तर कमी असलेल्या सेलवर खूण करा. नुकतंच पाणी भरलेल्या सेलचं रीडिंग घेऊ नका. वरचं पाणी खालच्या ॲसिडमध्ये मिसळलेलं नसतं.

पाण्याबद्दल एकच नियम पाळा: फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि तेही चार्जिंग संपल्यावर. आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये ॲसिड वर येऊन सांडतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर तेवढ्या जेमतेम बुडतील इतकंच पाणी आधी घाला, चार्ज करा, मग पातळी पूर्ण करा. ‘ताकद वाढवायला’ वरून ॲसिड घालण्याचा उद्योग करू नका. त्याने सल्फेट सुटत नाही, प्लेटा मात्र खराब होतात.

कधी कधी बॅटरी इतकी उतरलेली असते की ऑटोमॅटिक चार्जर तिला ओळखतच नाही आणि सुरूच होत नाही. चार्जर बिघडला असं समजू नका. बॅटरीवाल्याकडून मंद करंटवर तिला आधी थोडी वर आणून घ्या. लिथियम बॅटरी असेल तर मात्र आत हात घालायचा नाही. तिचा बीएमएस (बॅटरी सांभाळणारं आतलं सर्किट) बंद झाला असेल तर ज्याने बॅटरी दिली त्यालाच बोलवा.

एका जुगाडाबद्दल इथे बोललंच पाहिजे. बॅटरी खराब निघाली म्हणून इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या जोडून गाडी चालवतात. गाडी चालते, पण मूळ बॅटरीचं वजन हाच गाडीच्या तोलाचा मोठा भाग असतो. गाडीच्या नेमप्लेटवर बॅटरीचं किमान वजन किलोत दिलेलं असतं. ते कमी झालं तर माल उचलताना मागची चाकं उचलली जातात आणि माणूस दगावू शकतो. तपासणीपुरतंही, फोर्कवर माल घेऊन, अशी गाडी चालवू नका.

चावी फिरवली, काहीच नाही

बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्टेज आहे, मग तो पुढे कुठे अडतो ते पाहायचं. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला धरा. मोटारसायकल किंवा ट्रकवर काम केलेली माणसं इथे सवयीने बॉडीला अर्थ धरतात. या गाडीत बॅटरीची दोन्ही टोकं बॉडीपासून अलग ठेवलेली असतात, त्यामुळे बॉडीवरून घेतलेलं प्रत्येक रीडिंग फसवं निघतं. उलट बॉडी आणि बॅटरीच्या टोकात ठळक व्होल्टेज दिसत असेल तर तोच एक दोष आहे: बॅटरीच्या झाकणावर ॲसिडचा थर बसलाय किंवा एखादी वायर सोलून बॉडीला लागली आहे. सोड्याच्या पाण्याने बॅटरीचा वरचा भाग पुसा, सेलची झाकणं घट्ट बंद ठेवून, आणि कोरडा करा.

मग लाल वायर क्रमाने पुढे न्या. मोठ्या कनेक्टरच्या गाडीकडच्या बाजूला व्होल्टेज आहे का? कनेक्टरच्या पिना मागे सरकलेल्या, काळवंडलेल्या, वितळलेल्या असतात. त्या बाहेरून दिसत नाहीत, उघडून पाहाव्या लागतात. इमर्जन्सी बटण दाबलेलं राहिलंय का? बऱ्याच गाड्यांत ते फिरवून वर येतं, काहींत ओढून, आणि गाडी ट्रकवरून आणताना ते सहसा दाबूनच ठेवलेलं असतं. मग कंट्रोलचा लहान फ्यूज, मग चावीचा स्विच. फ्यूज डोळ्यांनी पाहून ठरवू नका. चावी चालू ठेवून त्याच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजा: एका बाजूला आहे, दुसऱ्या बाजूला नाही, म्हणजे उडालेला. नवा घालताना त्याच अँपिअरचा घाला आणि पुन्हा उडाला तर मोठा घालू नका, शॉर्ट शोधा.

गाडीतच चार्जर बसवलेला असेल तर त्याची मेन्सची पिन काढलेली आहे याची खात्री करा. चार्जिंग चालू असताना गाडी हलू नये म्हणून तशी सोय केलेली असते.

कॉन्टॅक्टरचा ‘टक्’

कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या दोन बारीक टर्मिनलवर, चावी चालू असताना, मीटर लावा. व्होल्टेज आहे पण कॉन्टॅक्टर ओढत नाही, तर कॉइल तुटली आहे. चावी बंद करून, कनेक्टर काढून ओहममध्ये मोजली की खात्री होईल. व्होल्टेजच नाही, तर कंट्रोलर त्याला ओढायला सांगत नाहीये, आणि सहसा तो काही तरी दोष पाहून थांबलेला असतो. लक्षात घ्या, अनेक गाड्यांत कॉइलचं एक टोक चावीमार्गे पॉझिटिव्हला असतं आणि दुसरं टोक कंट्रोलर निगेटिव्हला खेचतो. त्यामुळे कॉइलच्या एका टोकाला व्होल्टेज दिसतो म्हणजे कॉइलला वीज मिळते आहे असं होत नाही. दोन टोकांमधला फरक मोजा.

कॉन्टॅक्टर ओढतो पण त्याच्या मुख्य टिप्स (एकमेकांना टेकून करंट नेणारी टोकं) जळालेल्या असतील तर करंट पुढे जात नाही. हे शोधायची सर्वांत खात्रीची पद्धत म्हणजे व्होल्टेज ड्रॉप. कॉन्टॅक्टर ओढलेला आणि पंप चालू असताना मीटरच्या दोन वायरी त्याच्या दोन मोठ्या टर्मिनलवर ठेवा. चांगल्या कॉन्टॅक्टरवर जवळजवळ शून्य, फार तर ०.१-०.२ व्होल्ट येतो. एक व्होल्ट किंवा जास्त आला तर टिप्स गेल्या. हीच चाचणी प्रत्येक जाड केबलवर, प्रत्येक लगवर (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कानावर), मोठ्या फ्यूजवर आणि कनेक्टरवर करा. नीट न दाबलेला लग हाताला गरम लागतो आणि मीटरवर दिसतो. ही एक पद्धत शिकलात तर निम्मे दोष मेकॅनिक न बोलावता सापडतील.

कॉन्टॅक्टर स्क्रूड्रायव्हरने किंवा हाताने दाबून गाडी चालवून पाहतात. हे कधीही करू नका. कंट्रोलरमध्ये शॉर्ट असेल तर गाडी पूर्ण वेगाने सुटते आणि तिला थांबवणारा मुख्य स्विच तुम्ही हाताने दाबून धरलेला असतो.

परवानग्या: बहुतेक बंद गाड्या इथेच सापडतात

सगळ्यात आधी योग्य क्रमाने सुरू करून पाहा. सीटवर नीट बसा, पेडलवरून पाय काढा, दिशेचा लिव्हर न्यूट्रलला, चावी चालू, दोन सेकंद थांबा, हँडब्रेक सोडा, दिशा निवडा, मग पेडल. चावी फिरवताना पेडल दाबलेलं असेल किंवा लिव्हर पुढे टाकलेला असेल तर कंट्रोलर गाडी हलू देत नाही. हे बिघाड नाही, सुरक्षेसाठीच ठेवलेलं आहे. डिझेल गाडीवरून आलेले ड्रायव्हर चावी फिरवताना ॲक्सिलरेटरवर पाय ठेवतात. तेवढ्यावरून गाडी ‘बंद’ ठरते.

त्यानंतर सीट स्विच. तो सीटखाली असतो, फाटलेल्या कव्हरमधून त्यात पाणी जातं, स्पंज बसून गेला की माणूस बसला तरी तो दाबला जात नाही. पण माझ्या मते स्विचपेक्षा जास्त वेळा दोषी असते त्याची वायर. सीटसकट बॅटरीचं झाकण रोज उघडतं आणि वायरिंग बिजागरीपाशी दिवसातून दोनदा वाकतं. वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं, आत तांबं तुटलेलं असतं. कंटिन्युइटीवर मीटर ठेवून तिथली वायर हळूहळू वाकवत जा. बीप तुटतो तिथे दोष.

स्विच शॉर्ट करून कायमचा बायपास करू नका. विकत घेतलेल्या गाडीत आधीच्या कोणीतरी तो केलेला सापडला तर काढून नवा बसवा. ड्रायव्हर खाली उतरलेला असताना गाडी चालू राहिली तर काय होतं हे गोदामात काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

हँडब्रेकच्या लिव्हरशेजारी लहान मायक्रोस्विच असतो. ब्रेक सुटला तरी त्याची पट्टी वाकलेली असेल तर गाडीला ब्रेक लागलेलाच दिसतो. दिशेच्या लिव्हरखाली फॉरवर्ड आणि रिव्हर्सचे दोन स्विच असतात. गाडी फक्त पुढे जाते, मागे जात नाही, असं असेल तर थेट इथेच या. कंट्रोलर आणि मोटर दोन्ही बहुतेक बरे असतात.

कोणताही मायक्रोस्विच तपासायची रीत एकच. काळी वायर बॅटरी निगेटिव्हला, चावी चालू, लाल वायर स्विचच्या आत येणाऱ्या टोकावर: व्होल्टेज हवा. मग बाहेर जाणाऱ्या टोकावर: स्विच लागला की हवा, सुटला की जायला हवा. स्विचपाशी ठीक असेल तर तीच तपासणी कंट्रोलरच्या प्लगपाशी करा. दोन्ही ठिकाणचं उत्तर वेगळं आलं तर मधली वायर तुटलेली.

पेडल म्हणजे बहुतेक गाड्यांत एक पोटेन्शिओमीटर (दाबू तसा रोध बदलणारा भाग) आणि एक स्विच. काहींत पोटेन्शिओमीटर ० ते ५ किलोओहमचा असतो, काहींत ० ते ५ व्होल्टचा सिग्नल जातो. मधल्या वायरवर मीटर ठेवा आणि पेडल अगदी सावकाश दाबा. आकडा सलग चढायला हवा. मध्येच उडी मारली किंवा शून्यावर पडला तर पोटेन्शिओमीटर झिजलेला आहे. पेडल सोडल्यावर आकडा पूर्ण खाली येत नसेल तरीही कंट्रोलर अडवतो. अशा वेळी कधी कधी नुसती स्प्रिंग किंवा पेडलखाली अडकलेली माती कारण असते.

जुन्या गाड्यांबाबत दोन गोष्टी जास्त लक्ष देऊन पाहा. विकण्याआधी गाडी प्रेशरच्या पाण्याने धुतात आणि वरून रंग मारतात. पाणी प्लगमध्ये राहतं आणि पिना हिरव्या पडतात. रंगाचे थेंब मायक्रोस्विचमध्ये जाऊन ते चिकटतात. गाडी चकचकीत दिसते आणि चालत नाही, तेव्हा एकेक प्लग काढून, काँटॅक्ट क्लीनर मारून, वाळवून परत बसवा. दुसरी गोष्ट उंदीर. पावसाळ्यात गोदामात उभ्या असलेल्या गाडीच्या फ्लोअरप्लेटखाली ते राहतात आणि वायरी कुरतडतात. फ्लोअरप्लेट उचलून टॉर्च मारायला दोन मिनिटं लागतात, आणि ते आधीच केलेलं बरं.

कंट्रोलर काय सांगतो

कंट्रोलरला विचारा. कर्टिस कंपनीच्या १२३४, १२३६ आणि १२३८ या एसी कंट्रोलरवर लाल आणि पिवळा असे दोन लहान दिवे असतात. लाल एकदा लुकलुकला की त्यानंतरचे पिवळे ठोके मोजा, तो पहिला आकडा. लाल दोनदा लुकलुकला की पुढचे ठोके म्हणजे दुसरा. ४७ म्हणजे सुरू करण्याचा क्रम चुकला. ४१ किंवा ४२ म्हणजे पेडलचा सिग्नल जास्त किंवा कमी. ३९ म्हणजे मुख्य कॉन्टॅक्टर लागला नाही, ३८ म्हणजे तो चिकटून बसला आहे. २३ म्हणजे व्होल्टेज कमी पडतो. ३६ म्हणजे मोटरच्या एन्कोडरचा (वेग मोजणाऱ्या सेन्सरचा) दोष. दुसऱ्या मॉडेलचे आकडे वेगळे असतात, त्यामुळे नेमप्लेटवरचा मॉडेल नंबर लिहून त्याचंच मॅन्युअल मिळवा. झापी कंपनीचा कंट्रोलर असेल तर डिस्प्लेवर शब्द येतात: ‘इन्करेक्ट स्टार्ट’, ‘हँडब्रेक’, ‘व्हॅक्क नॉट ओके’. यातला शेवटचा पेडलच्या सिग्नलबद्दल असतो.

कोड म्हणजे निकाल नाही. ३९ आला तर कॉन्टॅक्टर विकत आणायला धावू नका. वर सांगितलेल्या पद्धतीने आधी कॉइल, वायर आणि टिप्स मोजा.

मोटर, ब्रेक, गिअर

सगळ्या परवानग्या बरोबर आहेत, पेडल दाबल्यावर कंट्रोलर काही कोड दाखवत नाही, आणि तरीही चाक हलत नाही. आता मोटर.

जुन्या डीसी मोटरमध्ये कार्बन ब्रश झिजतात. खिडकीचं कव्हर काढून पाहा: ब्रश खुणेपर्यंत झिजलाय का, होल्डरमध्ये अडकलाय का, स्प्रिंग ढिली आहे का? कम्युटेटर सारखा तपकिरी असेल तर उत्तम, काळे जळके पट्टे असतील तर खराब. साफ करायला बारीक सँडपेपर वापरा, एमरी पेपर नाही; त्याचे कण वीज वाहून नेतात आणि पट्ट्यांमध्ये अडकतात. आतली काळी पूड हवेने उडवताना मास्क लावा. सिरीज प्रकारची डीसी मोटर चाकापासून मोकळी करून थेट ४८ व्होल्टवर फिरवून पाहायची नाही. भार नसला की ती वेग वाढवतच जाते आणि आर्मेचर फुटू शकतं.

एसी मोटरला ब्रश नसतात. तिच्या तिन्ही वायरी आणि बॉडी यांत कंटिन्युइटी नको. वाइंडिंगचा ओहम इतका कमी असतो की साध्या मीटरवर काही कळत नाही, त्यात वेळ घालवू नका. एन्कोडरची बारीक वायर आणि प्लग मात्र जरूर पाहा. तो गेला की गाडी धक्के देत गोगलगायीच्या वेगाने सरकते आणि थांबते.

काही गाड्यांत मोटरवरच इलेक्ट्रोमॅग्नेटिक ब्रेक असतो. दिशा देऊन पेडल दाबताच त्याचा हलका ‘टिक्’ ऐकू यायला हवा. येत नसेल तर त्याच्या कॉइलपर्यंत व्होल्टेज पोचतो का ते मोजा. साध्या ब्रेकच्या गाडीत ब्रेक शू गंजून ड्रमला चिकटलेले असतात, विशेषतः पावसाळाभर उभी राहिलेल्या गाडीत. मोटर जोर लावते, करंट चढतो, कंट्रोलर बंद होतो. चाक उचलून हाताने फिरवून पाहिलं की कळतं.

मोटर फिरते आणि चाक नाही, तर दोष यांत्रिक आहे: कपलिंग, स्प्लाइन किंवा गिअर. तिथे वायरमन नको, फिटर हवा.

कंट्रोलरवर कधी ठपका ठेवायचा

बी-प्लस आणि बी-मायनसवर पूर्ण व्होल्टेज आहे, चावीचा सिग्नल पोचतो आहे, सीट, ब्रेक, दिशा, पेडल सगळ्यांची रीडिंग कंट्रोलरच्या प्लगवर बरोबर आहेत, मोटर आणि ब्रेक मोकळे आहेत, आणि तरी बाहेर काही येत नाही. आता तो काढा, पण वहीतली सगळी रीडिंग घेऊन रिपेअरवाल्याकडे जा. तो खराब ठरला तर दुसऱ्या गाडीतून काढलेला कंट्रोलर ‘दिसायला तसाच आहे’ म्हणून बसवू नका. त्यात मोटर, व्होल्टेज, ब्रेक आणि वेगाची सेटिंग भरलेली असते. चुकीच्या सेटिंगने गाडी न थांबण्याचा धोका असतो.

गाडी हलली, आता

पहिली फेरी रिकाम्या फोर्कने, मोकळ्या सपाट जागेत, कमी वेगात घ्या, आणि जवळ कोणी उभं राहू देऊ नका. पुढे, मागे, पाय काढल्यावर थांबणं, हँडब्रेक, इमर्जन्सी बटण, आणि सीटवरून किंचित उठल्यावर ड्राइव्ह बंद होतो का, हे सगळं पाहा. दहा-पंधरा मिनिटं चालवून मोटर, जाड केबल, कनेक्टर आणि कॉन्टॅक्टर यांना हाताच्या मागच्या बाजूने चाचपा. एखादाच भाग बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर पुढचा बिघाड तिथे तयार होतो आहे. मग पूर्ण चार्ज करून, विसावल्यावर, चोवीसही सेलांचा व्होल्टेज आणि ग्रॅव्हिटी वहीत लिहा, तारीख घाला, आणि महिनाभराने तीच मापं पुन्हा घ्या.